वाचकांचे प्रश्न : दोन डबे, एकच बारूद

प्रश्न : काकाजी, नमस्कार. आमचं गाव लाखनी तालुक्यात. माझे मोठे भाऊ नऊ वर्षांपासून टेक्सासमध्ये आहेत. तिकडेही रानडुकरांनी शेतकरी बेजार आहेत. दादांजवळ .४४ मॅग्नमचा रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याची काडतुसं ते घरीच भरतात. तिथे ते कायद्याने चालतं. ते एच-११० नावाची बारूद वापरायचे, ती संपत आली. दुकानात ती नव्हती म्हणून दुकानदाराने विंचेस्टर २९६ दिली आणि म्हणाला, दोन्ही एकच. पण दादांच्या काडतूस भरायच्या पुस्तकात दोघींचे आकडे वेगळे आहेत. शेजारी म्हणतो, २४०० घे, तीही तशीच. दादा म्हणाले, काकाजींना विचार, त्यांची सारी नोकरी बारुदीत गेली. कोणाच्या जागी कोणती चालते? आणि नवा डबा आहे म्हणून पहिल्यांदा जरा कमीच भरली तर बरं ना?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण माणसाची बोटं त्यातच जातात. एच-११० असो की २९६, "जरा कमीच भरतो" म्हणणं तिथे सुरक्षित नाही. एरवीचा नियम असा की पुस्तकातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची आणि एकेक पायरी वर यायचं. मीही कोणालाही तेच सांगेन. पण ही बारूद विकणारी हॉजडन कंपनी स्वतः बजावते की या दोन नावांना तो नियम लावू नका, तीन टक्क्यांपेक्षा जास्त खाली उतरू नका. दहा आणि तीन. दादांना हे दोन आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवायला सांगा.

असं का, ते दाण्यात दिसतं. चिमूटभर बारूद पांढऱ्या कागदावर काढून भिंगाखाली धरायची. एच-११० चे दाणे खसखशीसारखे गोल, काही थोडे चेपलेले, शिसपेन्सिलीच्या टोकासारखे चकचकीत करडे दिसतील. ती चकाकी ग्रॅफाइटची. दाणे एकमेकांवरून घसरावेत आणि त्यांच्यात वीज साचू नये म्हणून ते लावतात. त्याच्या आत आणखी एक थर असतो, तो डोळ्याला दिसत नाही. दाण्याच्या बाहेरच्या भागात असं रसायन मुरवलेलं असतं की सुरुवातीला तो दमानं जळावा आणि गोळी पुढे सरकल्यावर आतला भाग जोराने जळावा. आमच्या फॅक्टरीत हा थर देणाऱ्या ड्रमजवळ उभं राहिलं की गोडसर वास यायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो वास माझ्या नाकात आहे.

आता चुलीवर बघा. पऱ्हाटी एका काडीने पेटते आणि भुर्रकन जळून जाते. बाभळीचं ओंडकं तसं पेटत नाही. त्याला खालून दमदार जाळ लागतो आणि चूल भरलेली लागते. एच-११० बाभळीच्या जातीची. तिला काडतूस जवळजवळ भरलेलं हवं, जड गोळी हवी, काडतुसाचा काठ गोळीच्या खाचेत घट्ट वळवलेला हवा, म्हणजे दाब चढेपर्यंत गोळी जागची हलणार नाही, आणि मॅग्नमची जोरकस टोपी हवी, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी प्राइमर. यातलं एक जरी ढिलं पडलं तर टोपीची ठिणगी दाण्यांवरून निघून जाते, थोडे पेटतात, बाकीचे तसेच राहतात. गोळी नळीत शिरते आणि मध्येच थांबते. आवाज येतो फुस्स. भरणारा समजतो, फुसका बार गेला, आणि पुन्हा घोडा ओढतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन आदळते. मग नळी फुगते नाहीतर फाटते.

म्हणून आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला की तिथेच थांबायचं. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तसंच राहायचं, कारण कधी कधी बार उशिरानेही होतो. मग रिव्हॉल्व्हर रिकामा करून नळीतून काठी आरपार जाते का ते पाहायचं. हे मुलांनाही पाठ असावं.

आता दोन डब्यांचं. दुकानदार खरं बोलला. एच-११० आणि विंचेस्टर २९६ ही एकच बारूद. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सेंट मार्क्स म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती बनते आणि दोन नावांच्या डब्यांत भरली जाते. मुळात ती दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या .३० कार्बाइन या हलक्या रायफलीसाठीची. पुढे लोकांना दिसलं की मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातही ती उत्तम बसते.

मग पुस्तकात आकडे वेगळे का? आपल्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. कृषी केंद्रात जा आणि मावा-तुडतुड्यासाठी औषध मागा. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे एकच औषध दहा कंपन्यांच्या दहा नावांनी फळीवर उभं असतं आणि प्रत्येक बाटलीवरचा कागद थोडा वेगळा. काही भाऊ दोन नावांच्या बाटल्या आणतात आणि दोन औषधं समजून एकाच पंपात ओततात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली, तेव्हापासून मी हे दर हंगामात लिहितो आहे. बारुदीचंही तसंच. पुस्तकातला आकडा एका दिवशी, एका नळीत, एका जातीची टोपी आणि एकच गोळी घेऊन, त्या दिवशी हातात असलेल्या लॉटवर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालावर, काढलेला असतो. दुसऱ्या नावाचा आकडा दुसऱ्या साली, दुसऱ्या नळीत काढला. बारूद तीच, पण मोजमापाचा दिवस वेगळा. आणि लॉटही एकसारखे नसतात. निसर्गाचा कापूस की लाकडाचा लगदा, द्रावण किती उडालं, थर किती बसला, यात फरक पडतोच. आम्ही छोटे छोटे लॉट तपासायचो आणि जोरकस लॉट मवाळ लॉटमध्ये मिसळून एकजीव मोठा लॉट करायचो, तेव्हा कुठे तो ठरवलेल्या हद्दीत बसायचा. त्या मिश्रणाला आठवडा लागायचा आणि शेवटी चाचणीत पास झालं तरच शिक्का.

म्हणून दादांनी जुन्या डब्यातली उरलेली बारूद नव्या डब्यात ओतू नये. नाव एक असलं तरी ओतू नये. जुनी वापरून संपवावी, नव्या डब्याचा लॉट नंबर वहीत लिहावा आणि तिचं काम पुन्हा खालून सुरू करावं. इथे खालून म्हणजे तीन टक्के, दहा नाही. आकडा त्या बारुदीच्या आत्ताच्या पुस्तकातून घ्यावा, माझ्याकडून नाही. किती ग्रेन (बारुदीच्या वजनाचं माप) भरायची ते मी या स्तंभात लिहिणार नाही, फोनवरही सांगणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची गोळी नाही, टोपी नाही, रिव्हॉल्व्हर नाही.

शेजाऱ्याची २४०० मात्र तशी नाही. ती दुसरीच बारूद आहे. १९३० च्या दशकापासून बाजारात आहे. आधी हर्क्युलिस कंपनीच्या नावाने यायची, १९९५ पासून अलायंटच्या. तिच्या बारीक चकत्या असतात. आयडाहोतला गुरंपाळ आणि शिकारी एल्मर कीथ त्याआधीच्या .४४ स्पेशल काडतुसात हीच बारूद वापरून वर्षानुवर्षं जड भरणी करत राहिला आणि बंदूक कंपन्यांच्या मागे लागला. त्यातूनच १९५५ साली .४४ मॅग्नम जन्माला आलं. तिचा स्वभाव एच-११० पेक्षा मोकळा. थोडी कमी भरली तरी नीट पेटते आणि साध्या टोपीवरही चालते. वेग थोडा कमी मिळतो. पण २४०० चा आकडा एच-११० ला आणि एच-११० चा आकडा २४०० ला लावला तर एका बाजूने दाब चढतो आणि दुसऱ्या बाजूने गोळी नळीत अडकते. "तशीच" या शब्दाने इथे घात होतो.

दादांनी मला विचारलं असतं की तुम्ही काय घ्याल, तर मी २४०० घेतली असती. डुकरासाठी तेवढा वेग पुरे होतो आणि चुकीला थोडी जागा राहते. पण त्यांचा हात एच-११० वर बसलेला असेल तर तीही वाईट नाही. तिचा एक मोठा गुण सांगतो. ती काडतूस जवळजवळ भरून टाकते. चुकून दोनदा घातली तर वर येऊन सांडते, डोळ्याला लगेच दिसतं. जोरात जळणाऱ्या पिस्तुलाच्या बारुदी तळाशी थोडीशीच बसतात. त्यांचं दुप्पट माप काडतुसात गुपचूप मावतं आणि भरणाऱ्याला कळतही नाही. हळू बारूद निवडायला मला एवढं एक कारणही पुरेसं वाटतं.

बाजारात अशा आणखीही आहेत. आयएमआर ४२२७ च्या बारीक काड्या असतात. ती मापातून गोल दाण्यांइतकी एकसारखी पडत नाही, म्हणून काट्यावर तोलून पाहावी. लिल गन मुळात .४१० च्या छऱ्याच्या बंदुकीसाठी काढलेली. फिनलंडची व्हिटावुओरी एन-११० आहे. प्रत्येकीचं पुस्तक वेगळं. "कोणती बारूद किती वेगाने जळते" असा एक तक्ता दादांनी पाहिला असेल. तो कामाचा आहे, पण तो फक्त रांग सांगतो. दोघींमध्ये अंतर किती ते सांगत नाही, आणि काडतूस बदललं की रांगही पुढे-मागे होते. शेजारशेजारच्या दोन ओळींतली नावं अदलाबदल करायला तो तक्ता बनवलेला नाही.

नावांचा आणखी एक धोका. एच-११० आणि २९६ ही नावं दोन, बारूद एक. रायफलीच्या बारुदीत याच्या उलट आहे : आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ चा नंबर एक, बारुदी दोन. म्हणून फक्त नंबर बघून चालत नाही, डब्यावरची सगळी ओळ वाचायची, अक्षरासकट.

आणि जुन्या पुस्तकाबद्दल. दादांचं पुस्तक किती जुनं ते पत्रात नाही, पण पूर्वी दाब तांब्यावर मोजायचे. हे काम मी सतरा वर्षं केलं. करंगळीच्या पेराएवढा तांब्याचा भरीव दंडगोल तुकडा, चाचणीच्या नळीला बाजूने भोक, त्यात दट्ट्या. बार झाला की दट्ट्या तांब्याला चेपतो. मग तो गार झाल्यावर चिमट्याने काढायचा, कापडाने पुसायचा आणि मायक्रोमीटरमध्ये धरून पाहायचं किती आखूड झाला. तक्त्यात बघून दाब लिहायचा. आता स्फटिकाचा विजेवर चालणारा गेज लावतात, तो दाबाची पूर्ण चढ-उतार दाखवतो. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांची सामी ही संस्था .४४ मॅग्नमची कमाल मर्यादा नव्या पद्धतीने ३६,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) सांगते आणि तांब्याच्या पद्धतीने ४०,०००. मर्यादा तीच आहे, फक्त मोजायचं साधन वेगळं, आणि एकाचा आकडा दुसऱ्यात बदलायचं सोपं सूत्र नाही. जुन्या पुस्तकातला मोठा आकडा पाहून "आधीचे लोक तर इतकं भरायचे" असं कोणी म्हणू नये. तोलून घ्यायचं तर नवं पुस्तक.

शेवटी इथल्या वाचकांसाठी : हे सगळं टेक्साससाठी. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे, बंदुकीचा परवाना असला तरी. करू नका.

प्रश्न : आम्ही कुरखेडा तालुक्यातले. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांपासूनची भरमार (नळीच्या तोंडातून बारूद भरायची बंदूक) आहे, आता वडिलांच्या नावावर. पावसाळ्यात काळी बारूद ओलावते. टोपी वाजते, बार होत नाही. गावातले एक जण म्हणतात, बारा बोरच्या काडतुसातली बारूद काढून टाका, ओल लागत नाही आणि धूरही होत नाही.

उत्तर : टाकू नका. आजच वडिलांना सांगा, आणि त्या गृहस्थांनाही सांगा.

मी सहावीत होतो. आमच्या आळीत एक काकाजी होते, त्यांच्याकडे भरमार होती. धानाच्या बांध्यांत डुकरं उतरायची. त्यांनी कुठून तरी दोन काडतुसं मिळवली, कागदी नळी सोलून आतली बारूद काढली आणि नेहमीच्या शिंगाच्या मापाने मोजून नळीत ओतली. मापात फरक नव्हता. माप तेच, हात तोच. रात्री धुऱ्यावरून बार केला. आवाज गावापर्यंत आला तो बंदुकीचा नव्हता, खाणीतल्या सुरुंगासारखा होता. माझे वडील कंदील घेऊन पळाले. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली, डावा डोळा गेला. लुगड्याच्या पट्ट्या बांधून बैलबंडीत टाकून रातोरात तालुक्याला नेलं. जगले ते. ती नळी नंतर बरीच वर्षं त्यांच्या सपरीत एका कोपऱ्यात उभी होती. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. मागच्या बाजूला लोखंड बाहेरच्या अंगाने उलटं वळलेलं, आणि फाटलेल्या जागी आतून नव्या कोऱ्या धातूसारखं पांढरं. बाहेरून गंजलेली, काळी. आत इतकं चांगलं लोखंड होतं आणि तरी तग धरला नाही. मी या कामाकडे वळलो ते त्या नळीमुळे, असं आता वाटतं.

कारण समजून घ्या. काळी बारूद म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाचं मिश्रण. ती मापाने भरतात आणि तिच्या जळण्यावर दाबाचा फारसा परिणाम होत नाही. काडतुसातली बिनधुराची बारूद नायट्रोसेल्युलोजची, कधी त्यात नायट्रोग्लिसरीनही. तेवढ्याच शिंगात तिची ताकद जास्त बसते, म्हणून ती मापाने नाही, वजनाने भरतात. आणि तिचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. भरमारीचं मऊ लोखंड आणि मागचा आट्याचा बोल्ट या दाबासाठी केलेलेच नाहीत.

ओलीचा उपाय साधा आहे. बारूद घट्ट झाकणाच्या डब्यात, घरात, चुलीपासून लांब. लागेल तेवढीच काढायची आणि झाकण लगेच लावायचं. रात्री भरून ठेवून पहाटे वापरायची सवय सोडायची. ओलावलेली पुन्हा सुकवायच्या फंदात पडू नका. पत्र्यावर उन्हात तर अजिबात नाही. परवानाधारक दुकानातून ताजी आणा. आणि लक्षात ठेवा, तो परवाना बंदुकीचा आहे. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

प्रश्न : मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातून लिहिते. सासरे गेले. माळ्यावर त्यांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत करड्या बारीक चकत्या आहेत, झाकण उघडलं तर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला आणि झाकणाच्या आतून तांबूस गंज. मुलं म्हणतात, दिवाळीत जाळू.

उत्तर : ताई, झाकण हलकेच टेकवा आणि पुन्हा उघडू नका. तो आंबूस वास म्हणजे बारूद आतून सडू लागली आहे. तिच्यातून निघणारा तांबूस वायू लोखंडालाही खातो, म्हणून तो गंज. नवीन बारुदीत हे सडणं रोखायला डायफिनाइलअमीन नावाचं रसायन घातलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं तापत राहिली की ते संपून जातं. मग ती आपोआपही पेटू शकते. फॅक्टरीत आम्ही हेच तपासायचो : बारूद तापवायची, वर एक ओलसर कागद लटकवायचा, आणि कागदावर तपकिरी रेघ किती मिनिटांनी उमटते ते घड्याळात बघायचं. रेघ लवकर आली तर आम्ही तो लॉट हातात घ्यायलाही घाबरायचो.

मुलांना माळ्यावर जाऊ देऊ नका. चुलीत, शेकोटीत, विहिरीत, खताच्या खड्ड्यात, कुठेच टाकू नका. डबा स्वतः उचलून एसटीने किंवा मोटारसायकलवर नेऊ नका. पोलीस ठाण्यात फोन करून सांगा, काय आहे आणि कुठे आहे. सासऱ्यांच्या नावाची बंदूक घरात असेल तर तिचंही त्याच वेळी सांगा. परवानाधारक गेल्यावर बंदूक ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा करावी लागते. तुम्ही लपवलेलं काही नाही, भिऊ नका.

प्रश्न : मी तुमसरला बारावी विज्ञानाला आहे. बारुदीच्या वजनात "ग्रेन" म्हणतात ते धान्याच्या दाण्यावरून का? ग्राम का नाही?

उत्तर : हो, मुळात दाण्यावरूनच. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्राम आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. तुमच्या आजीला ग्रेन कळणार नाही, पण तोळा कळेल : तोळ्यात बरोबर १८० ग्रेन. सोनाराची गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन, नेमकं सांगायचं तर १.८७५. म्हणजे काडतूस भरणारा माणूस अर्ध्या गुंजेच्या फरकावर भांडत असतो, आणि .४४ मॅग्नममध्ये त्या अर्ध्या गुंजेने दाब खरंच बदलतो. म्हणून आमच्याकडे काट्याजवळ पंखा लावायला बंदी होती. मे महिन्यातही नाही. घाम पुसायचा, हात कोरडे करायचे, खिडकी बंद करायची, आधी तपासणीचं वजन ठेवून काटा शून्यावर येतो का बघायचं, मग पहिला दाणा.